मदत हवी आहे: मानेच्या दाहजन्य स्पॉन्डिलोपॅथीला (मणक्यांच्या आजाराला) एम४६.९२ लावायचा की दुसरा कोड?

अमेरिकी आयसीडी-१०-सीएमनुसार (आजारांच्या कोडची यादी) ओपीडीचा एक चार्ट कोड करायचा आहे. रुग्ण ३४ वर्षांचा. पाच महिने मान दुखते, सकाळी पाऊण तास जखडलेली असते, हालचाल केली की सुटते, पडून राहिलं की वाढते. सीआरपी (दाह दाखवणारी रक्तचाचणी) वाढलेला, एचएलए-बी२७ (अशा आजारांशी जोडलेला जनुक) पॉझिटिव्ह. एमआरआयमध्ये सी५-सी६ मणक्यांच्या कोपऱ्यांत स्टिरवर (सूज उजळ दाखवणाऱ्या एमआरआय प्रतिमांवर) पांढरेपणा, शिवाय 'स्पॉन्डिलोसिसचे (मणक्यांच्या झिजेचे) सौम्य बदल'. डॉक्टरांचं असेसमेंट एवढंच: 'इन्फ्लमेटरी सर्व्हायकल स्पॉन्डिलोपॅथी, रूल आउट एएस' (म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा कणा जखडणारा दाहजन्य आजार आहे का ते तपासायचं). एम४६.९२ (अनिर्दिष्ट दाहजन्य स्पॉन्डिलोपॅथी), एम४५.२ (एएस), एम४७.८१२ (स्पॉन्डिलोसिस), एम५४.२ (मानदुखी) यांतला कोणता घ्यायचा?

प्रतिसाद १
आहे त्या नोंदीवर एम४६.९२. शेवटचा २ म्हणजे मानेचा भाग, नुसता एम४६.९ अपुरा ठरून विम्याचा क्लेम परत येतो. एम४५.२ लावू नका. लक्षणं कितीही एएससारखी दिसली तरी ओपीडीत 'रूल आउट' हे निदान नव्हे, आणि निदान कोडरने करायचं नसतं. (भरती रुग्णाच्या डिस्चार्जला 'प्रोबेबल' लिहिलं असेल तर ते निदान झाल्यासारखं कोड करतात. घोळ होतो तो हे दोन नियम एकत्र केल्यामुळे.) एम५४.२ वेगळा नको, मानदुखी त्या आजारातच आली. एम४७.८१२ तेव्हाच, जेव्हा उपचार करणारे डॉक्टर स्वतः स्पॉन्डिलोसिस लिहितील. अहवालातला शब्द परस्पर उचलू नका.

तरीही डॉक्टरांना क्वेरी (नोंदीचा खुलासा मागणारा लेखी प्रश्न) पाठवाच. एम४६.९२ हा 'अनिर्दिष्ट' कोड आहे आणि या चार्टमध्ये त्याहून नेमकं लिहिण्याइतका मजकूर दिसतो. 'हे एएस आहे ना?' असं विचारू नका, ते डॉक्टरांच्या तोंडात उत्तर घालणं झालं. लक्षणं, सीआरपी आणि एमआरआयची वाक्यं जशीच्या तशी देऊन विचारा: 'मानेच्या दाहाचं कारण नेमकं करता येईल का?' पर्यायांत 'इतर' आणि 'सध्या ठरवता येत नाही' हवेतच. उत्तर रेडिओग्राफवर (एक्स-रेवर) बदल न दिसणारा अक्षीय स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस (कण्याच्या सांध्यांचा दाह) असं आलं तर एम४५.ए२, हा कोड १ ऑक्टोबर २०२१ पासून आहे.

प्रतिसाद २
क्लिनिकल बाजू. एचएलए-बी२७ एकट्याने निदान होत नाही आणि सीआरपी नॉर्मल आला म्हणून दाह नाही असंही नाही. सेक्रोइलियाक (कण्याचं बूड आणि कमरेचं हाड जोडणाऱ्या) सांध्यांचं चित्रण झालं का ते पाहा. नोंदीत तेच बहुधा नसतं. स्टिरवरचा पांढरेपणाही फसवतो: मोडिक १ प्रकारात (चकतीलगतच्या हाडातला बदल) झिजेमुळेही तसंच दिसतं. फरक जागेत असतो. मोडिक बदल चकतीला लागून पसरतो, कोपऱ्यातला ठिपका दाहाकडे झुकतो.

ताप, वजन घटणं, रात्रंदिवस दुखणं असेल तर आधी संसर्ग शोधायचा. प्रकृती स्थिर असेल तर अँटिबायोटिकआधी ब्लड कल्चर. अनिर्दिष्ट डिसायटिसला (चकतीच्या दाहाला) एम४६.४२, चकतीचा पूयजनक (पू करणारा) संसर्ग असेल तर एम४६.३२, त्यासोबत जंतूसाठी बी९५ ते बी९७ मधला कोड. क्षयाचा मणका असेल तर ए१८.०१.

ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचा रुग्ण असेल तर मान पुढे आणि मागे वाकवून बाजूचा एक्स-रे. प्रौढांत अ‍ॅटलास आणि डेन्स (पहिला मणका आणि दुसऱ्या मणक्याचा वर आलेला सुळका) यांमधलं अंतर ३ मिमीपेक्षा जास्त म्हणजे अस्थिरता. ते मिलिमीटर नोंदीत आकड्यातच हवेत. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळत असतील, चाल बदलली असेल, तर मज्जारज्जू दाबला गेल्याची शंका घ्यायची, कोड नंतर. रुग्णाला त्याच दिवशी मणक्याच्या सर्जनकडे पाठवायचं.