मदत हवी आहे: लॅपटॉप लॉक केला की बाहेरचे दोन्ही मॉनिटर बंद कसे करायचे?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात वडगावला राहते. कंपनी बेंगळुरूची, काम घरून. विंडोज 11 च्या लॅपटॉपला दोन 24 इंची मॉनिटर जोडलेत, एक एचडीएमआय केबलने, दुसरा डिस्प्लेपोर्ट केबलने. टेबल मधल्या खोलीत, आणि आज्जी झोपते तीही तिथेच. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अजून महिना झालेला नाही. डोळ्यांवर उजेड आला की तिला सोसत नाही.

रात्री सॉफ्टवेअरच्या आपोआप चालणाऱ्या टेस्ट लावून मी विंडोज+एल दाबून लॉक करते. टेस्ट पहाटेपर्यंत चालतात, त्यामुळे लॅपटॉप स्लीपमध्ये घालता येत नाही. मला एवढंच पाहिजे: लॉक केल्या केल्या मॉनिटर काळे व्हावेत आणि सकाळी मी कळ दाबेपर्यंत काळेच राहावेत.

होतं असं. लॉक केल्यावर एक मिनिट लॉक स्क्रीनचं चित्र समोरची भिंत उजळून टाकतं. मग सगळे पडदे विझतात. एचडीएमआयवाला शांत राहतो. डिस्प्लेपोर्टवाल्याचा निळा दिवा नारिंगी होतो, आतून बारीक 'टक्' असा आवाज येतो आणि दहा-बारा सेकंदांत सगळे परत लख्ख. परवा आज्जी उठून बसली, "दिवा राहिलाय बघ गं" म्हणाली. पडद्यांवर चादर टाकून रात्र काढली.

सेटिंगमध्ये स्क्रीन बंद व्हायची वेळ बदलली, लॉक स्क्रीनवर काहीच फरक नाही. माउस काढून पाहिला, तेही कारण नाही. मॉनिटरचं बटण दाबावं, तर डिस्प्लेपोर्टवाला काढूनच टाकला असं लॅपटॉपला वाटतं, सगळ्या खिडक्या छोट्या पडद्यावर गोळा होतात आणि आकार बदलल्यामुळे टेस्ट पडतात.

बिलाचंही आहे. गृहज्योती या कर्नाटकच्या मोफत विजेच्या योजनेत आमच्या मीटरची मर्यादा 2022-23 च्या सरासरी वापरावर 10 टक्के जास्त धरून ठरली. तेव्हा हे मॉनिटर नव्हते. प्रत्येकी 20 वॉट आणि रात्रीचे 8 तास धरले तरी महिन्याला जवळपास 10 युनिट होतात.

कुणी हे सोडवलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

ते एक मिनिट म्हणजे लॉक स्क्रीनची स्वतःची वेळ. ती 60 सेकंद असते आणि सेटिंगमध्ये दिसत नाही. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि रोमन लिपीत टाइप करा: पॉवरसीएफजी /सेटएसीव्हॅल्यूइंडेक्स स्कीम_करंट सब_व्हिडिओ व्हिडिओकॉनलॉक 5 (हे 5 म्हणजे सेकंद). मग पॉवरसीएफजी /सेटॲक्टिव्ह स्कीम_करंट. बॅटरीवर असतानाची वेळ वेगळी, तिच्यासाठी पहिल्या कमांडमध्ये एसीच्या जागी डीसी.

दुसरं, तो 'टक्'. मॉनिटर झोपताना डिस्प्लेपोर्टची जोडणी सोडतो, सिग्नल शोधायला पुन्हा जागा होतो, आणि नवीन मॉनिटर आला असं समजून विंडोज सगळे पडदे पेटवतं. मॉनिटरच्या मेनूत इनपुट 'ऑटो' असेल ते काढून फक्त डिस्प्लेपोर्ट ठेवा. 'डीप स्लीप' असं काही दिसलं तर तेही बंद करा.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार! इनपुट 'ऑटो'वरच होतं, आणि डीप स्लीपही चालू. दोन्ही बदलले. काल साडेअकराला लॉक केलं, पाच सेकंदांत खोली काळोखी झाली. दोनला पाणी प्यायला उठले तेव्हाही काळोख होता, आज्जी भिंतीकडे तोंड न करता सरळ झोपली होती. टेस्टही पूर्ण झाल्या.

एक राहिलंय. वळीव आला की आमच्याकडे लाईट जाते-येते. मॉनिटर इन्व्हर्टरवर नाहीत, त्यामुळे लाईट आली की दोन्ही आपसूक उजळतात. इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले तर हे थांबेल ना? वायरमन रविवारी येणार आहे, त्याआधी कळलं तर बरं होईल.