नवतप्यात घर बदलायचं आहे, आधी काय हलवू?

माठवाली (नागपूर):
हसू नका. आमचा अकरा महिन्यांचा करार 31 मेला संपतो. घरमालकांचा मुलगा परत येऊन राहिला, म्हणून मुदतवाढ नाही. म्हणजे ऐन नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, धरमपेठेतून मनीषनगरला बिऱ्हाड हलवायचं. जुनं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

अडचण सामानाची कमी, उन्हाची जास्त. पॅकर्सवाला म्हणतो गाडी सकाळी 9 ला लागेल. 9 ला सुरू केलं तर सोफा खाली उतरेस्तोवर 12 वाजतात! सासरे 74 वर्षांचे, इन्सुलिन चालू आहे. कूलर जुन्या घरी खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर होता, नव्या घरी सगळ्या खिडक्या सरकत्या काचेच्या, बाहेरून ग्रिल. आणि सासूबाईंनी आठच दिवसांपूर्वी पाच किलोचं कैरीचं लोणचं घातलंय, ते म्हणे टेम्पोत जाणार नाही. कुणी हे केलंय का? काय आधी न्यायचं?

वऱ्हाडी काका (अकोला):
ताई, 9 वाल्याला हात जोडा आणि दुसरा पाहा. पहाटे 5 ला गाडी दाराशी पाहिजे, 10 ला शेवटचा खोका आत. त्यासाठी हमालांना शंभर-दोनशे जास्त द्यावे लागले तर द्या.

मी 2013 च्या मे महिन्यात नागपुरातच घर बदललं होतं. 23 तारखेला पारा 47.9 वर गेला, आम्ही दोन दिवस आधी हलवलं होतं, तेव्हाही काही कमी नव्हतं. गोदरेजच्या कपाटाची कडी धरली तर चटका बसला. पोरांच्या मेणाच्या रंगकांड्या गादीच्या खोळीत ठेवलेल्या, त्या वितळून गादीवर असं इंद्रधनुष्य उमटलं की अजून आहे. पण खरी भीती वेगळीच. एक हमाल जिन्यात बसला. घाम बंद, अंग भट्टीसारखं, आणि बोलणं भरकटलेलं. त्याला सावलीत घेऊन ओल्या चादरीत गुंडाळलं, पंखा घातला, ऑटोत टाकून दवाखान्यात नेलं. वाचला. असं दिसलं तर पाणी पाजत बसू नका, थेट 108 लावा आणि गाडी येईपर्यंत अंग ओलं करत राहा.

बाकी वेळी मात्र सगळ्यांना पाजा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा लहान, चहाचा. पन्हं असेल तर मजाच.

सासऱ्यांना आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे नेऊन ठेवा. खोके ते मोजणार, आणि उन्हात उभं राहून मोजणार.

कॉम्प्रेसर (वर्धा):
माझा धंदाच फ्रीज-एसीचा. आधी कूलर. कूलरच नाही तर घरात थांबणार कसं? सरकत्या खिडकीचा एक काचेचा पल्ला वर उचलून काढता येतो, त्या जागी प्लायवूड कापून कूलरच्या तोंडाएवढं भोक पाडायचं. कूलर ग्रिलमध्ये बसत नसेल तर गॅलरीचं दार आहेच. समोरची एक खिडकी मात्र उघडी ठेवा, नाहीतर नुसता दमटपणा होतो. वाळ्याच्या ताट्या नव्या लावा, जुन्या हलवताना झडतात.

फ्रीज उभाच न्या. आडवा पडला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळीत जातं. उभा नेला तरी पोचल्यावर दोन-तीन तास तसाच राहू द्या, आडवा झाला असेल तर दिवसभर. इन्व्हर्टरची बॅटरी पण उभीच, आणि ती दोघांनी उचलायची. हिरोगिरी नको, त्यात ॲसिड असतं.

पुणेकर_77:
एवढी कसरत कशाला? महिनाभर थांबा, जूनच्या शेवटी हलवा.

माठवाली:
दादा, घरमालक थांबला असता तर मी इथं विचारलं असतं का? आणि पावसात गाद्या भिजवायच्या?

हळद-कुंकू (अमरावती):
मी दवाखान्यात सिस्टर आहे. चालू असलेलं इन्सुलिन साधारण चार आठवडे खोलीत चालतं असं वेष्टनावर असतं, पण खोली म्हणजे 30 अंशांखाली, तुमच्याकडची नव्हे. टेम्पोत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर अजिबात नको. थर्मासमध्ये बर्फ, बर्फाला टॉवेल गुंडाळा, वर इन्सुलिनचं पेन. बर्फाला चिकटून गोठलं तर फेकूनच द्यावं लागतं. फ्रीज चालू होईपर्यंत तेच वापरा.

माठवाली:
झालं एकदाचं! 28 तारखेला. छोटा हत्ती टेम्पो पहाटे 5:20 ला आला, दोन फेऱ्या, शेवटचा खोका 9:50 ला वर. पहिल्या फेरीत कूलर, माठ आणि झाडू. पल्ला काढून प्लाय बसवायला सुताराने चाळीस मिनिटं घेतली, बाकी हमाल तोवर नव्या घराच्या जिन्यात पन्हं पीत बसले. दोन पातेली संपली.

सासरे आत्याकडे गेलेच नाहीत. आठला ऑटोने स्वतःच आले आणि 'एक खोका कमी आहे' म्हणून बसले. खरोखरच कमी होता, जुन्या घरच्या गच्चीवर कुरडयांचा राहिला होता.

लोणच्याची बरणी सासूबाईंनी मांडीवर धरून आणली, दादरा घट्ट बांधून, ओल्या फडक्यात. ड्रायव्हरला वाटेत दोनदा म्हणाल्या, 'हळू रे बाबा, खड्डा पाहून.' एक थेंब सांडला नाही. फ्रीज दीड वाजता चालू केला, तोवर समोरच्या वहिनींनी मोठं भांडं भरून बर्फ आणून दिला. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं, आज संध्याकाळी भांडं परत करताना विचारते.