अल्झायमरवर एपिजेनेटिक उपचारांची आशा धरावी का?

शरयू, रामबाग, इंदूर
परवा आमच्या ज्येष्ठ मंडळींच्या बैठकीत विषय निघाला, की अल्झायमरमध्ये जनुकांची अक्षरे नव्हे, तर ती वाचली जाण्याची व्यवस्था (म्हणजेच एपिजेनेटिक व्यवस्था) बिघडते आणि ती औषधाने सावरता येईल. मला हे पटते. २००९ साली एकसारख्या जुळ्या भावांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी एकालाच अल्झायमर होता आणि त्याच्या मेंदूच्या टेम्पोरल भागात डीएनएवरील मिथिल खुणा, म्हणजे जनुक वाचले जावे की नाही हे ठरवण्यात भाग घेणाऱ्या रासायनिक खुणा, कमी आढळल्या. लेकॅनेमॅबसारखे, मेंदूत साचणारे अमायलॉइड प्रथिन हटवणारे औषधही अठरा महिन्यांत ऱ्हास सुमारे २७ टक्क्यांनीच मंदावते. मग दुसरी वाट शोधायला नको का?

मधुकर, लोकमान्यनगर
शरयूताई, वाट शोधावी, पण जुळ्यांच्या एका जोडीवरून कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरत नाही. २०१४ मध्ये दोन संशोधक गटांना 'एएनके१' जनुकाजवळ वाढलेले मिथिलीकरण सापडले, तेही मृत्यूनंतर काढलेल्या मेंदूत, जिथे आजाराने बऱ्याच चेतापेशी आधीच मेलेल्या असतात आणि इतर पेशींचे प्रमाण वाढलेले असते. शिवाय व्हॅल्प्रोएटचे काय? डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांवरील ॲसिटिल गट काढून जनुकांचे वाचन मंदावणाऱ्या एचडॅक विकरांना फिटांवरचे हे औषध रोखते. ३१३ रुग्णांवरील दोन वर्षांच्या चाचणीत त्याने आजार थोपला नाही. उलट औषध घेणाऱ्यांच्या मेंदूचे आकारमान अधिक घटले.

शरयू
व्हॅल्प्रोएट हे या कल्पनेची परीक्षा घ्यायला फार बोथट हत्यार होते, मधुकरराव. मेंदूशास्त्रज्ञ ली-ह्वे त्साय यांच्या गटाने २००९ मध्ये उंदरांत दाखवले, की एचडॅक-२ हे त्यांपैकी एक विकर वाढवले तर स्मरण खालावते आणि काढून टाकले तर सुधारते. दोष एका विकराचा असताना आपण सगळ्या कुटुंबालाच वेठीस धरले.

नेहा, सुदामानगर (औषधनिर्माणशास्त्र)
काकू, नेमकी अडचण तिथेच आहे. एचडॅक-१ आणि एचडॅक-२ यांची रचना इतकी मिळतीजुळती आहे, की एकालाच रोखणारा रेणू घडवणे अतिशय कठीण जाते. आणि एचडॅक-१चे काम थांबले तर चेतापेशींच्या डीएनएला इजा होते, हे त्याच प्रयोगशाळेने २००८ मध्ये दाखवले होते. एचडॅक रोखणाऱ्या व्होरिनोस्टॅट या कर्करोगावरील औषधाने रक्तातील प्लेटलेट घटतात. कर्करोगात ते काही काळ सोसता येते, पण पंचाहत्तरीच्या माणसाला असे औषध वर्षानुवर्षे कसे द्यायचे?

मधुकर
म्हणूनच, आधी जिवंत माणसाच्या मेंदूतील हे बदल मोजण्याची भरवशाची सोय हवी. त्याशिवाय औषध कोणाला आणि केव्हा द्यायचे, हेच ठरणार नाही.

शरयू
मेंदूतील एचडॅक विकरे स्कॅनमध्ये दाखवणारा मार्टिनोस्टॅट हा रेणू माणसांत वापरून झाला आहे, त्यामुळे मोजमापाची सुरुवात झालेली आहे. नेहाचा आक्षेप मात्र मला अधिक वजनदार वाटतो.