अनुभव धागा : ब्लूज वाजवताना, गाताना

मिसिसिपीच्या कापूसमळ्यांत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यातून ब्लूज आला, हे आपण वाचलेलं असतं. इतक्या लांबचं गाणं आपल्या हाताला, गळ्याला कसं लागतं, हे मात्र तुमच्याकडूनच ऐकायचं आहे. लिहा, आणि काय ऐकावं तेही सुचवा.

माउथ ऑर्गन, पुणे
ब्लूजवाले 'सी'चा हार्मोनिका (म्हणजे माउथ ऑर्गनच) 'जी'ला 'सा' धरून वाजवतात, हे कळलं तेव्हा मी चक्रावलो. कारण असं की श्वास आत ओढून वाजणारे खालचे सूर वाकवता येतात, आणि 'जी' धरला की तेच सूर मोक्याच्या जागी येतात. तिसऱ्या छिद्रातला सूर हळूच खाली ओढला की तो शुद्ध आणि कोमल गंधाराच्या मधे तरंगतो. तिथे स्थिर राहायला फार रियाज लागतो. हार्मोनिकावादक लिटल वॉल्टर ऐकाच.

कीबोर्ड, डोंबिवली
मी पेटीवर वाढले, आणि पट्टी काही वाकत नाही. पियानोवाले मग कोमल गंधाराला निसटता स्पर्श करून शुद्धवर घसरतात. ब्लूजचे गायक-गिटारवादक मडी वॉटर्स यांच्या बँडमधले पियानोवादक ओटिस स्पॅन ऐकून मी ते शिकले.

गिटार, शिकागो
इथे जॅमला, म्हणजे जमेल त्याने एकत्र वाजवायच्या मैफलीला, गेलो की कुणी कुणाची ओळख विचारत नाही. वयस्कर ड्रमर एवढंच म्हणाले, "शफल, 'ए'मध्ये, क्विक फोर." म्हणजे शफलच्या ठेक्यावर बारा बारचं (चार-चार मात्रांच्या बारा खंडांचं) आवर्तन, आणि दुसऱ्याच बारला 'डी'वर जायचं. तालीम नाही, कागद नाही, सुरू! शेजारच्या गिटारवाल्यांनी आपल्या पाळीत पहिले चार बार एकच सूर धरला, फक्त वजन आणि लय बदलत. लोक अक्षरशः ओरडले. १९४३ साली मडी वॉटर्स याच शहरात आले आणि क्लबांच्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून इलेक्ट्रिक गिटारकडे वळले. आराखडा सगळ्यांना ठाऊक, म्हणून परक्यालाही त्यात लगेच जागा मिळते. ब्लूज जगभर गेला तो यामुळेच, असं मला ठामपणे वाटतं.

ड्रम्स, मुंबई
ब्लूज म्हणजे नुसतं दुःख, असं मानणाऱ्यांनी शफल वाजवून बघावा. मात्रेचे तीन भाग करायचे आणि मधला गाळायचा. ज्यूक जॉइंटमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या नाच-गाण्याच्या साध्या अड्ड्यांवर, शनिवारी रात्री लोक यावर नाचत असत.

गायन, सातारा
आजी जात्यावर ओवीची पहिली ओळ घोळवत राहायची, मग दुसरीवर यायची. ब्लूजमध्येही पहिली ओळ दोनदा आणि मग तिचं उत्तर. दोन्ही एकच, असं मी म्हणणार नाही; गुलामगिरी संपल्यावरही वंशभेद सोसलेल्यांचं ते गाणं आहे. पण तीच ओळ दुसऱ्यांदा कशी म्हणायची, हे मला आजीमुळे कळलं. बेसी स्मिथ यांचं १९२५ सालचं 'सेंट लुईस ब्लूज' ऐका. लुई आर्मस्ट्राँग कॉर्नेटवर (ट्रम्पेटसारख्या वाद्यावर) प्रत्येक ओळीला उत्तर देतात, आणि साथीला फ्रेड लाँगशॉ यांचा रीड ऑर्गन आहे, आपल्या पेटीचा भाऊबंदच. डोंबिवलीकर ताई, तुम्ही तर जरूर ऐका.