‘रीनेम’ला मराठीत काय म्हणावं: नामांतर, फेरफार की नुसतं नाव बदलणं?

(बोलणाऱ्या चौघांना इथे गावांच्या नावांनी ओळखायचं.)

सांगली: एका मुक्तस्रोत, म्हणजे कुणालाही कोड पाहता-बदलता येईल अशा, सॉफ्टवेअर प्रकल्पाचं नाव बदललंय. पुढच्या आवृत्तीत चालवायच्या फायली आणि प्रोग्रॅम ज्यात बसतो तो फोल्डर, दोन्हींची नावं बदलणार आहेत. वापरणाऱ्यांसाठी मराठी सूचना लिहायची आहे. इंग्रजीत सगळीकडे एकच शब्द, रीनेम. मेनूतलं ‘पुनर्नामित करा’ कुणाच्या तोंडी नाही. ‘नामांतर’ चालेल का?

कराड: प्रकल्पाला चालेल, फाइलीला नको. नामांतर म्हटलं की मराठवाडा विद्यापीठ आठवतं, १९७८चा ठराव आणि १९९४चा नामविस्तार. त्या शब्दात लोकांचा लढा आहे. फाइलीचं ‘नाव बदलतं’, एवढंच. शिवाय प्रकल्पाचं आणि फाइलीचं नाव एकाच वेळी बदलतं असंही नाही. २०१०मध्ये ओपनऑफिस या कार्यालयीन कामाच्या प्रोग्रॅमपासून लिब्रेऑफिस वेगळं झालं, फोल्डरला नवं नाव मिळालं, पण आत चालणारी फाइल आजही ‘एसऑफिस’च आहे. त्यातला ‘एस’ त्याआधीच्या स्टारऑफिसचा.

मिरज: पण ‘नाव बदलणं’ अपुरं पडतं. सातबाऱ्यावरचं नाव कुणी खोडून लिहीत नाही. आधी गाव नमुना ६मध्ये फेरफार नोंदवतात, तो प्रमाणित झाला की नाव चढतं. फोल्डरचंही तसंच आहे. विंडोजमध्ये नुसतं एफ-२ दाबून नाव बदललं, तर शॉर्टकट एखादवेळेस नवी जागा शोधून काढेल. ‘पाथ’ (प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्या फोल्डरांची यादी) मधला पत्ता आणि रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतली) नोंद मात्र जुनीच राहते. मग प्रोग्रॅम काढायला गेलं की अनइन्स्टॉलर सापडत नाही. लिनक्सवर मेनूसाठीच्या डेस्कटॉप फाइलमधली ‘एक्झेक’ ओळ, मागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या सर्व्हिस फाइलमधली ‘एक्झेकस्टार्ट’ ओळ (दोन्हींत कोणता प्रोग्रॅम चालवायचा ते लिहिलेलं असतं) आणि जुना पत्ता लिहिलेल्या स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांच्या फायली, सगळं तपासावं लागतं. या सगळ्या कामाला ‘फेरफार’ हाच शब्द.

वाई: कामाचं वर्णन बरोबर, शब्दाला हरकत आहे. ‘हिशेबात फेरफार केला’ म्हणजे काय, हे सगळ्यांना कळतं. ‘प्रोग्रॅम फायलींत फेरफार केला आहे’ असं वाचून माणूस व्हायरस आला समजून प्रोग्रॅम काढून टाकेल. ‘जुन्या नोंदी बदला’ म्हणा. जुन्या नावाला मात्र आपल्याकडे नेमका शब्द आहे, ‘ऊर्फ’. मायएसक्यूएलमधून निघालेल्या मारियाडीबी या डेटाबेस प्रोग्रॅमच्या १०.५ आवृत्तीपासून ‘मारियाडीबी’ ही खरी फाइल आणि ‘मायएसक्यूएल’ हा तिच्याकडे नेणारा दुवा. हे ऊर्फ. जुन्या नावाने दुसरी प्रत ठेवली तर ते ऊर्फ नव्हे. अपडेट एकाच प्रतीला मिळतं आणि जुनी स्क्रिप्ट जुनाच प्रोग्रॅम चालवत राहते.

मिरज: सूचनेपुरतं मान्य. प्रकल्पात काम करणाऱ्यांसाठी मी फेरफारच म्हणेन, कारण फायलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये नाव बदलल्याची वेगळी नोंद होतच नाही. जुनी फाइल गेली, नवी आली, मजकूर निम्म्याहून जास्त जुळला, की गिट ते नाव बदलणं समजतं. म्हणून एका कमिटमध्ये (गिटमधल्या एका नोंदीत) फक्त नाव बदलावं आणि आतला मजकूर पुढच्या कमिटमध्ये. दोन्ही एकदम केलं आणि मजकूर फार बदलला, तर फाइलीचा इतिहास तिथंच तुटतो.

सांगली: आणि ‘इन्स्टॉल फोल्डर’? ‘स्थापना फोल्डर’ लिहिलं तर घटस्थापना आठवते.

कराड: दुकानात लोक ‘सॉफ्टवेअर टाकला’ म्हणतात. ‘प्रोग्रॅम टाकलेला फोल्डर’ लिहा. पण त्या फोल्डरला देवनागरी नाव देऊ नका, अगदी मराठी प्रकल्प असला तरी. मराठीला विंडोजचं जुनं अँसी कोडपेज, म्हणजे अक्षरांचा जुना तक्ताच नाही, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमला त्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. लिनक्सच्या ईएक्सटी-४ या फायली साठवण्याच्या पद्धतीत नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा वेगळे मोजून, म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपतं.

वाई: त्याहून अवघड आहे तो ‘ऱ’. ‘साताऱ्याचा’ तीन तऱ्हांनी टाइप होतो: अख्खा ऱ घेऊन, र खाली नुक्ता (टिंब) देऊन, किंवा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना तिन्ही सारखेच, पण लिनक्सला ती तीन वेगळी नावं. पहिली दोन रूपं युनिकोडच्या (सगळ्या भाषांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) नियमाने एक करता येतात, तिसरं नाही. मराठी नाव मेनूत दाखवा, डिस्कवरचं नाव साध्या रोमन अक्षरांत ठेवा.

सांगली: मग ओळ अशी करतो: ‘प्रोग्रॅमच्या फाइलीचं आणि प्रोग्रॅम टाकलेल्या फोल्डरचं नाव बदललं आहे. जुनं नाव ऊर्फ म्हणून चालेल. तुमच्या स्क्रिप्टमधल्या जुन्या नोंदी बदलून घ्या.’

वाई: ‘चालेल’च्या आधी ऊर्फ कोणत्या आवृत्तीपर्यंत ते लिहा.