मदत हवी आहे: आईचा गुडघा बदलून १६ दिवस झाले, पाय सरळ टेकत नाही (सोलापूर)

अशोकचौक_सोलापूर

नमस्कार. आईचं वय ६२, वजन ६८ किलो, मधुमेह आणि बीपी, दोन्हीच्या गोळ्या चालू. उजवा गुडघा पूर्ण बदलला, आज १६ वा दिवस. परवा पिना काढल्या. तीस वर्षं विड्या वळल्यात, म्हणजे दिवसाला आठ-नऊ तास मांडी घालून बसणं.

वॉकरवर घरातल्या घरात चालते, पण पाय पूर्ण सरळ होत नाही. रात्री ठणका लागतो म्हणून गुडघ्याखाली उशी देतो, तेव्हा बरं वाटतं. गुडघा हाताला गरम लागतो. बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर आहे. कालपासून जखमेच्या खालच्या टोकाला पट्टीवर रुपयाएवढा पिवळसर ओला डाग पडतोय, ताप नाही. शेजारच्या मावशी म्हणतात गरम मिठाने शेका, तिळाच्या तेलाने पोटरी रगडा, भात-डाळ-अंडी बंद करा, पू होतो. मेडिकलवाला पाच दिवसांची अँटिबायोटिक देतो म्हणाला.

घर पहिल्या मजल्यावर, १४ पायऱ्या, भारतीय संडास, शहाबादी फरशी. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेव्हा सगळं घर ओलं असतं. यातलं काय आधी करू?

वॉर्डसिस्टर

दादा, आधी डाग. बाकी सगळं उद्यावर गेलं तरी चालेल, हे नाही. पहिले तीन-चार दिवस जखमेतून थोडं पाणी येऊ शकतं. पिना काढल्यावर १६ व्या दिवशी ओलं होणं हे ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनी स्वतः बघायला हवं, आणि आजच. ताप नाही म्हणून थांबू नका. मधुमेहात ताप न येताही आत जंतू असू शकतात.

मेडिकलमधली अँटिबायोटिक एक गोळीसुद्धा देऊ नका. आत धातूचा सांधा आहे. जंतू खरंच आत गेले असतील तर गोळीने ते मरत नाहीत, नुसते दबतात, आणि मग सांध्यातलं पाणी काढून तपासलं तर रिपोर्टमध्ये काहीच उगवत नाही. कोणता जंतू आहे तेच कळलं नाही तर पुढचे उपचार अंदाजाने करावे लागतात. पहिल्या तीन-चार आठवड्यांत सापडलेला संसर्ग बऱ्याचदा आत धुऊन, मधला प्लॅस्टिकचा भाग बदलून आटोक्यात आणता येतो आणि सांधा वाचतो. उशीर झाला तर तो काढावा लागू शकतो. म्हणून घाई.

जाण्याआधी जखमेचा उजेडात फोटो काढा. लालसर भाग असेल तर त्याच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा आणि वेळ लिहा. लाली रेघेबाहेर गेली का, हे डॉक्टरांना लगेच दिसतं. डाग पडलेली पट्टी फेकू नका, स्वच्छ पिशवीत घालून न्या. जखम दाबून बघू नका, हळद किंवा पावडर लावू नका. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर कागदावर लिहून न्या. शस्त्रक्रियेच्या ताणाने साखर चढते. उपाशीपोटी १३० च्या आणि जेवणानंतर १८० च्या वर राहत असेल तर गोळ्यांचा डोस बदलून घ्या, नाहीतर जखम भरायला वेळ लागतो.

आणखी एक, रागावू नका. आई मिश्री लावतात का? विडीकाम करणाऱ्या बायकांमध्ये ती सवय फार असते आणि घरचे ती मोजतच नाहीत. तंबाखूतल्या निकोटीनने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. जखमेच्या कडेला रक्त कमी पोचतं आणि कड ओलीच राहते.

पोटरी रगडणं अजिबात नको. या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरेत गुठळी व्हायचा धोका काही आठवडे असतो, रगडल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पोटरी एका बाजूने कडक झाली, दाबल्यावर दुखली, किंवा पाय एकदम सुजला तर त्याच दिवशी दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर दिवस-रात्र न बघता थेट अतिदक्षता असलेलं रुग्णालय गाठा. रक्त पातळ करायची गोळी सांगितलेल्या दिवसापर्यंत चुकवू नका, आणि तिच्यासोबत दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून देऊ नका. पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि बीपी-मधुमेह असलेल्यांच्या किडनीवरही भार येतो.

जाताना शेअर रिक्षा नको, पूर्ण रिक्षा करा. आधी सीटवर पाठमोरं बसवायचं, मग दोन्ही पाय आत.

फिजिओ_जुळेसोलापूर

सिस्टरांनी सांगितलेलं आधी करा. डॉक्टरांनी व्यायामाला हरकत नाही म्हटल्यावर माझं वाचा.

पाय सरळ न होण्याचं एक मोठं कारण ती उशी आहे. गुडघा थोडा वाकलेला असला की सांध्यात पाण्याला जागा जास्त मिळते, दाब कमी होतो, म्हणून बरं वाटतं. पण रात्रभर तसं राहिलं की गुडघ्याच्या मागचं आवरण आणि मांडीच्या मागचे स्नायू त्याच लांबीला आखडतात. घरोघरी लोक विचारतात, "किती वाकतो?" मी आधी बघते तो सरळ किती होतो. वाकणं तीन-चार महिन्यांपर्यंत वाढत राहतं. सरळ होणं पहिल्या सहा आठवड्यांत मिळवलं नाही तर पुढे फार कष्ट पडतात. पाय दहा-पंधरा अंश वाकलेला राहिला तर तो आखूड पडतो, उभं असताना मांडीचा पुढचा स्नायू सतत ताणलेला राहून थकतो आणि कंबर धरते.

तपासायची रीत: कडक गादीवर उताणं झोपवा आणि गुडघ्यामागून हात सरकवून बघा. हात सहज आरपार गेला तर पाय सरळ नाही. दुसऱ्या पायाशी तुलना करू नका, तोही झिजलेला असणार.

उपाय घरातच आहे. सोलापुरी चादर घट्ट गुंडाळून चार-पाच इंच जाडीची वळकटी करा आणि ती टाचेखाली ठेवा. गुडघ्याखाली काहीही नको, तो अधांतरी लोंबू दे. बोटं छताकडे. पाय बाहेर कलंडला तर बाजूला दुसरी चादर लावा. पहिल्या दिवशी पाच मिनिटं निघाली तरी पुष्कळ, मग दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मागे ताण जाणवणारच, तो हवाच आहे. टोचल्यासारखी तीव्र कळ आली तर काढा. वरून हाताने कुणी दाबायचं नाही, वजनही ठेवायचं नाही.

त्याच स्थितीत मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा. सुजलेला गुडघा या स्नायूला जणू झोपवून टाकतो, म्हणून आईंना पाय उचलवत नसेल. कमजोरी नाही ती, सूज आहे. घोटे वर-खाली तासाला वीस वेळा. वाकवायला टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी ठेवून गादीवर टाच मागे ओढायची, दहा वेळा, तीनदा. आत्ता ९० अंशांच्या आसपास यायला हवं. खुर्चीत बसून पाऊल जमिनीवर सपाट आणि नडगी उभी, ते ९०. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. पुष्कळ लोक व्यायामानंतर देतात आणि मग म्हणतात व्यायाम सोसत नाही.

गरम शेक नको. आता बर्फच. रबरी पिशवीत बर्फ आणि थोडं पाणी, वरून आपला टर्किश टॉवेल एक घडी, १५ ते २० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. बधिर जागेवर बर्फाचा चटका कळत नाही, म्हणून दर पाच मिनिटांनी कातडी बघा. जखम ओली असेपर्यंत पिशवी पट्टीवर नको, मांडीच्या खालच्या भागावर आणि दोन्ही बाजूंना ठेवा.

गरमपणा चार-सहा महिने राहतो. बाहेरच्या बाजूची बधिरता म्हणजे चिरेत गेलेली कातडीची बारीक नस, ती जागा हळूहळू लहान होते, थोडी कायम राहू शकते. चालताना टकटक आवाज येतो तो धातू आणि प्लॅस्टिकचा. तिन्हींना घाबरायचं कारण नाही.

रात्रीची उशी एकदम काढली तर झोपच येणार नाही. म्हणून उशी पोटरीपासून टाचेपर्यंत लांब द्या, गुडघा सरळ ठेवून पाय वर राहील असं बघा. सूज उतरते आणि ठणकाही कमी होतो. रात्रीचं दुखणं पाच-सहा आठवडे पुरतं, त्याची तयारी ठेवा.

होटगीरोड

सीपीएम मशीन भाड्याने मिळतं म्हणतात. गुडघा आपोआप वाकवतं. आणावं का?

फिजिओ_जुळेसोलापूर

नको. वाकण्यात पडणारा फरक इतका थोडा असतो की भाड्याचे पैसे वसूल होत नाहीत, आणि यंत्र स्नायूला काम देत नाही. तेच पैसे आठवड्यातून दोनदा घरी येणाऱ्या फिजिओला द्या.

कमोड_बसवणारा

संडासाबद्दल लिहितो. आईंना उभं करून गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत इंच मोजा, त्यात दोन मिळवा, ती बैठकीची उंची. भारतीय भांड्यावर ठेवायची स्टीलची कमोड खुर्ची घ्या, पाय एकेक इंचाने वर-खाली होणारी. बहुतेक जण इथे चुकतात: भांडं चौथऱ्यावर असतं आणि खुर्चीचे मागचे पाय चौथऱ्यावर, पुढचे खाली राहतात. म्हणून आधी चौथऱ्याची उंची मोजून पुढचे पाय तेवढे लांब सोडा. चारही पायांची रबरी बुचं नवी बसवा. हलवून बघा, डुगडुगली तर बसवू नका.

हाताला धरायला टॉवेलचा दांडा चालत नाही, तो उखडतो. विटेच्या भिंतीत खोल स्क्रूने बसवलेला धरदांडा उजव्या-डाव्या कुठल्याही एका बाजूला, कंबरेच्या उंचीवर. आतली कडी लावायची नाही, सगळ्यांना सांगून ठेवा.

वॉकरची उंची: हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी येते तिथे मूठ. बुचं झिजली की शहाबादीवर ओलसरपणात वॉकर साबणासारखा सरकतो. पाण्याच्या दिवशी बादल्या भरून फरशी कोरडी होईपर्यंत आईंना पलंगावरून उतरू देऊ नका. त्यांच्यासाठी एक बादली आदल्या दिवशीच राखून ठेवा. पलंग बुटका असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे, सगळे एका मापाचे.

पायऱ्या: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. सोबतचा माणूस दोन्ही वेळा खालच्या पायरीवर.

अशोकचौक_सोलापूर

सर्वांचे आभार. कालच दाखवून आलो. कातडीखालच्या विरघळणाऱ्या टाक्याची गाठ वर आली होती, ती काढली. आतपर्यंत गेलेलं नाही म्हणाले. एक दिवसाआड ड्रेसिंग, आणि रक्तात सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) करायला सांगितलं, तो वाढलेला आला. घाबरायचं का? मिश्री लावते, होय. आणि खायला काय देऊ?

वॉर्डसिस्टर

सीआरपी शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांचाच खूप चढतो आणि काही आठवड्यांत खाली येतो. एका आकड्यावरून फारसं ठरत नाही. त्याच लॅबमध्ये, डॉक्टर सांगतील त्या दिवशी पुन्हा करा. घसरत असेल तर ठीक, पुन्हा चढला तर लगेच दाखवा. ड्रेसिंग पूर्ण कोरडं निघेपर्यंत अंगावर पाणी घेताना पाय बाहेर.

भात-डाळ-अंड्याने पू होत नाही. उलट जखम प्रथिनांनीच भरते. किडनीचा रिपोर्ट नीट असेल तर आईंच्या वजनाला दिवसाला ७० ग्रॅमच्या आसपास हवीत. दोन अंडी १२ ग्रॅम, घट्ट डाळीची किंवा हुलग्याची मोठी वाटी सात-आठ, दोन चमचे शेंगाचटणी पाच, दोन ज्वारीच्या भाकरी दहा, वाटीभर दही चार. हे दिवसातून दोनदा बसवलं की जमतं. भूक मेली असेल तर चार वेळा थोडं थोडं. पण जेवण अर्ध्यावर आलं आणि मधुमेहाच्या गोळ्या तेवढ्याच राहिल्या तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर दिसली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. दुखण्याच्या कडक गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं. उन्हाळा आहे, डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं नसेल तर दोन-अडीच लिटर जाऊ दे.

डिस्चार्जच्या कागदात सांध्याचे स्टिकर आहेत का बघा, कंपनी, माप आणि लॉट नंबर असलेले. ते जपा. पुढे कधीही काही करावं लागलं तर याच मापाचा भाग लागतो.

अशोकचौक_सोलापूर

शेवटचं विचारतो. आई रोज विचारते, विड्या कधी वळायला बसू? मांडी घालता येईल का?

फिजिओ_जुळेसोलापूर

मांडी आणि उकिडवं दोन्ही सोडायचं, देवपूजेलाही पाट नाही, स्टूल. काही सांध्यांना कदाचित जमेल, पण जमिनीवरून उठताना गुडघ्यावर पिळ आणि भार दोन्ही एकदम येतात, आणि प्लॅस्टिकच्या भागाची झीज वाढते.

काम मात्र बंद करायची गरज नाही. सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टर हो म्हणाले की सुरू करा. हाताची खुर्ची, बैठक १८ इंच. समोर टेबल, वरची पातळी कोपराच्या जरा खाली, म्हणजे खांदे वर उचलले जात नाहीत. सूप मांडीवर नाही, टेबलावर. पानं आणि दोरा हाताच्या टप्प्यात, खाली वाकायला लागू नये. पहिल्या आठवड्यात दिवसाला हजार विड्यांचा हिशेब धरायचा नाही, दोनशे-तीनशेवर थांबायचं. अर्ध्या तासाचा गजर लावा, उठून घरात पाच मिनिटं फेऱ्या. संध्याकाळी गुडघा सकाळपेक्षा फुगलेला दिसला तर दुसऱ्या दिवशी काम निम्मं.

टेबलाखाली बैठकीच्याच उंचीचा दुसरा स्टूल ठेवा. त्यावर उजवी टाच, गुडघा अधांतरी, दर तासाला दहा मिनिटं. हात विडी वळत राहतील आणि गुडघा सरळ होत राहील. पाय खाली घेतल्यावर लगेच उभं राहू देऊ नका, आधी चार-पाच वेळा बसल्या बसल्या वाकवायचा.