मानवी कार्बोनिक अनहायड्रेज-२: डिसेंबरात कांड्या आल्या, आता नुसत्या सुया. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाव निपाणीजवळ, सध्या बेळगावात पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या प्रयोगशाळेत प्रोटीनचे क्रिस्टल वाढवणारी मी पहिलीच, शेजारच्या टेबलावर विचारावं असं कोणी नाही. म्हणून इथे लिहितेय.

मानवी कार्बोनिक अनहायड्रेज-२ या एन्झाइमचे क्रिस्टल वाढवायचे, त्यात विभागात तयार झालेलं एक सल्फोनामाइड (या एन्झाइमला अडवणाऱ्या संयुगांचा प्रकार) मुरवायचं आणि ते आतल्या जस्ताला नेमकं कसं धरतं हे एक्स-रेने बघायचं, असं काम आहे. आज्जीला काचबिंदू आहे. तिचं डोर्झोलामाइड डोळ्यात याच प्रोटीनला अडवतं. सुट्टीत घरी असले की ते थेंब मीच घालते, तिथूनच हा विषय मनात बसला.

प्रोटीन ई. कोलायमध्ये बनवलंय. जेलवर २९ किलोडाल्टनच्या जागी एकच पट्टी दिसते. पॅरानायट्रोफिनाइल अ‍ॅसिटेट घातलं की पिवळं होतं, म्हणजे एन्झाइम जिवंत आहे. हँगिंग ड्रॉप लावते, म्हणजे ट्रेच्या खळग्यातल्या (वेलमधल्या) द्रावणावर काचेच्या कव्हरस्लिपला थेंब उलटा टांगते: १० मिग्रॅ/मिली प्रोटीन २ मायक्रोलीटर आणि वेलमधलं द्रावण २ मायक्रोलीटर. वेलमध्ये १.६ मोलर सोडियम सायट्रेट, ५० मिलीमोलर ट्रिस (पीएच धरून ठेवणारं बफर), पीएच ७.८. कव्हरस्लिप ग्रीसने बंद, ट्रे २० अंशांच्या बीओडीत (तापमान स्थिर ठेवणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये).

डिसेंबरात पाचव्या दिवशी सहा वेलमध्ये स्वच्छ कांड्या आल्या, सगळ्यात मोठी पाव मिलिमीटरची. इंदूरला इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (तिथे तीव्र एक्स-रे मिळतात) न्यायच्या आधी गोठवताना सगळ्या तडकल्या. आता मेमध्ये तीच रेसिपी लावली तर दुसऱ्याच दिवशी थेंबभर सुया. मायक्रोस्कोपखाली सुरवंट पसरल्यासारखं दिसतं, आणि एखादी सुई लूपने उचलायला जावं तर वाकते. मिठाचे क्रिस्टल नाहीत हे तपासलंय: मेथिलीन ब्लू सोडलं की निळ्या होतात, टोचलं की चुरा होतो.

मधे बदललं ते हवामान. इकडे रोज चारच्या सुमारास ढग भरून येतात, वळवाचा वारा सुटला की करंट जातो. परवा रात्रभर नव्हता. सकाळी बीओडीत २९ अंश.

बाबा साखर कारखान्यात पॅनमन होते, म्हणजे पाक आटवून साखरेचा दाणा धरणारे. त्यांना फोटो दाखवला तर लगेच म्हणाले, "पाक लई घट्ट झाल्यावर दाणा धरलीस बघ. बारका दाणा नको तेवढा पडला, आता एकेकाच्या वाट्याला किती येणार?" पॅनमधला नमुना काचेच्या पट्टीवर घेऊन, उजेडाला धरून ते दाणा बघायचे. बी कधी सोडायचं, पाणी कधी मारायचं ते त्यावरून ठरायचं. बारका दाणा जास्त पडला तर पाणी मारून विरघळवायचे. मला ते पटतं, पण ४ मायक्रोलीटरच्या थेंबाला पाणी मारायचं कसं?

सायट्रेट किती खाली आणू? याच सुया बी म्हणून चालतील का? आणि करंटचा असा भरवसा नसताना ट्रे ठेवू कुठे? ज्यांनी हात घातलाय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, बाबांचं निदान बरोबर आहे. दाणा आपोआप पडतो त्या घट्टपणाच्या जरा खाली एक पट्टा असतो. तिथे नवा दाणा पडत नाही, पण असलेला वाढतो. बी तिथे सोडायचं. सायट्रेट १.२ ते १.५ मोलरपर्यंत ०.०५ च्या टप्प्याने लावा.

सुया बी म्हणून उत्तम. एका थेंबातल्या सुया चिरडून ५० मायक्रोलीटर वेलच्या द्रावणात घ्या, बारीक मणी टाकून व्होर्टेक्सवर जोरात हलवा, मधेमधे नळी बर्फावर ठेवा. मग त्याच द्रावणात १:१० पासून १:१,००,००० पर्यंत पातळ करत जा. थेंब लावून काही तास थांबा आणि मगच बी सोडा. हेच तुमचं पाणी मारणं.

ट्रिसकडेही बघा. त्याचा पीएच दर अंशाला साधारण ०.०३ बदलतो. मेच्या दुपारी ३२ अंशांना लावलेला ७.८ हा २० अंशांना ८.१ च्या वर जातो. डिसेंबरात हा फरक पडला नसणार. पीएच लावताना द्रावण २० अंशांवर आणा.

ट्रे थर्माकोलच्या खोक्यात, भोवती पाण्याने भरलेल्या बाटल्या, आणि खोकं बीओडीत. करंट गेला तरी तापमान हळूहळू चढेल.

एक विचारतो: प्रोटीन डिसेंबरचंच आहे का? किती वेळा वितळवलं?

धागाकर्तीचं उत्तर

दादा, त्याच बॅचचं, तीनदा वितळवलेलं. तुम्ही विचारल्यावर नळी उजेडात धरली तर पांढुरकं दिसलं. ४ अंशांना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, तळाला गाळ बसला. नवीन बॅच करते आणि यापुढे २० मायक्रोलीटरच्या नळ्यांमध्ये वाटून गोठवते, म्हणजे प्रत्येक नळी एकदाच उघडेल.

पुन्हा धागाकर्ती, अठरा दिवसांनी

नवीन प्रोटीन, १.३५ मोलर सायट्रेट, बी १:१०,०००. एका थेंबात तीन कांड्या, कडा सरळ, मोठी ०.१५ मिलिमीटर. १:१०० च्या ओळीत मात्र परत सुरवंट. फोटो बाबांना पाठवला, त्यांनी मोठा करून बघितला आणि "दाणा एकसारखा आलाय" एवढंच म्हणाले.

आता गोठवणं. डिसेंबरात बर्फ धरू नये म्हणून २० टक्के ग्लिसरॉल एकदम दिलं होतं, तेव्हाच तडे गेले. या वेळी ५, १०, १५, २० असं टप्प्याने देणार आहे. प्रत्येक टप्प्याला किती वेळ ठेवू? आणि सल्फोनामाइड त्याच्या आधी मुरवू की त्याच द्रावणात घालू?